शेवटचा फड

सुरतेजवळ पलसाण्याला लेकाच्या खोलीमागून मिलची गटार वाहते. रंग धुतलेलं ऊन ऊन पाणी. काल निळं, आज भगवं. वास असा की घास उतरत नाही. पण वाहत्या पाण्याचा आवाज तो आवाजच. डोळे मिटले की आमचा पाट वाहायला लागतो.

तुम्ही खानदेशातले असाल तर फड सांगायला नको. नसाल तर ऐका. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शिवाराचे चार फड, अन् घरोघरची पट्टी चारी फडांत. नदी आटली की गाव पारावर बसून एक फड कोरडा सोडायचं. मग पाटलाचाही कोरडा, माझाही. उपास सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मालक गेले तेव्हा लेकरू पाठीशी बांधून मी पाण्याचं दारं धरलं, चिखलात पाय सुजले, पण पाणी देणारा पाटकरी माझी पाळी कधी चुकला नाही. “बाई, आलं बघ तुझं,” एवढंच म्हणायचा.

पुढं ताकदीच्या लोकांनी अदलाबदल करून वरच्या पट्ट्या एकजागी करून घेतल्या. आम्हा रांडमुंड बायांना शेवटचा, पाणी सगळ्यांत उशिरा पोचणारा फड आला. पाटाचा गाळ काढायला घरटी एक माणूस लागायचं; ती माणसं इथं सुरतेत लूमवर उभी राहिली. पाऊसही फिरला. महिना महिना तोंड दाखवत नाही, येतो तो एका दिवसात बांध फोडून जातो.

परवा गावाहून पुतण्याचा फोन आला. नवी योजना आहे, पाट बुजवून पाइप टाकणार, जमीनवाल्यांनी हो म्हणायचं. सुरतवाल्यांनी कामावरूनच हो म्हणून टाकलं.

मी विचारलं, “शेवटला फडले पाइप येई का?”

“आते नही, काकू. पुढला टप्पामा.”

“तवलोंग तुन्ही धाकली काकू काय खाई?” माझी जमीन धाकटी जाऊच कसते.

तो हसला. “तुले काय करनं शे? तू ते सुरतमा बठेल.”

मी योजनेला नाही म्हणाले. लेक इथल्या गुजरातीत म्हणाला, “जवा दे ने, माय.” सोडून दे म्हणे. त्याला पाट आठवत नाही, त्याच्यावर काय रागावू? राग त्यांचा येतो, ज्यांनी कागदावर पाइप ओढला अन् आमच्या बांधाशी येऊन हात थांबवला.

काल संध्याकाळी जाऊ फोनवर बोलली, “जिजी, कोन्ही बोलत नही मनासंगे.” माझ्या नकाराचा राग गाव तिच्यावर काढत होतं.

“नको बोलू दे. योजनेच्या बैठकीत मागं बायांत बसू नको, पुढं बस. मी येते.”

उद्या सकाळच्या गाडीनं निघते. फड परत येणार नाही, कळतं मला. पाइपाशी माझं वैर नाही. काळ पाट बुजवतो, माणसं बुजवतो, ते सोसलं. पण पाणी कमी पडेल तेव्हा कोरडं कोण राहणार, हे पहिल्यासारखं सगळ्यांच्या तोंडावर ठरलं पाहिजे. तेवढंच राहिलंय आमच्याकडं, अन् ते मी फोनवर सोडणार नाही.