जर्मनीला पाठवायची वर्गणी

गाडीवाले बाबा पोस्टाच्या खिडकीशी आले की आधी टोपी काढून काखेत धरत आणि एका बाजूला उभे राहत. समोर उभं राहिलं तर आत लिहिणाऱ्याचा उजेड अडतो, असं त्यांचं म्हणणं. काम कसलंही असो, सुरुवात ठरलेली: "मास्तर, तुमी निस्ती वाट सांगा. जायाचं आमी बगतो."

मी तेव्हा कर्जतच्या पोस्टात नवा कारकून होतो, मास्तर नव्हतो. तसं सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. बाबा कशेळ्याचे बैलगाडीवाले. स्टेशनवर उतरलेलं सामान आणि माणसं कशेळ्याकडे न्यायची, हा त्यांचा धंदा. कुठलीही अडचण त्यांना वाटेसारखीच दिसायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी एक जर्मन विद्वान त्यांच्या गाडीत बसला. डोंगरातल्या ठाकरवाड्यांची बोली आणि गाणी टिपून घ्यायला तो आला होता. दोन वर्षं बाबांनी त्याला वाडीवाडीवर फिरवलं. मी त्याला पाहिलेलं नाही. जे ऐकलं ते बाबांकडून.

"सायेब लई इचारायचा," ते सांगत. "म्हनला, बैलाला थांबवताना 'हो' म्हनता, मानसाला होकार देताना बी 'हो'. मंग फरक काय? मी म्हनलो, बैल ऐकतो."

लढाई पेटायच्या थोडं आधी साहेब मायदेशी गेला. मग कितीतरी वर्षं काहीच कळलं नाही.

लढाई संपल्यावर वर्षभराने बाबांच्या नावानं त्याचं पत्र आलं. मराठीत, पेन्सिलीने, कुठल्याशा छापील कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर. मी वाचून दाखवलं. घर बॉम्बने पडलं होतं. वह्या तेवढ्या वाचल्या होत्या. तो एका तळघरात राहत होता, मिळाले तर बटाटे खात होता, आणि खोकला छातीत बसला होता. हा हिवाळा निघाला तर गाण्यांचं पुस्तक पुरं होईल, असं त्यानं लिहिलं होतं. पैशाबद्दल अक्षर नव्हतं. शेवटी दोन्ही बैलांची नावं लिहून ते कसे आहेत, असं विचारलं होतं.

बाबा म्हणाले, "आपला मानूस उपाशी हाय, मास्तर. पैसं धाडायचं."

मी नियमांचं पुस्तक पाहिलं, वरिष्ठांना विचारलं. लढाई संपली तरी कागदोपत्री जर्मनी अजून शत्रूचाच देश होता; मनीऑर्डर बंद होती.

"बंद म्हंजी किती दिस?"

"ते मला नाही सांगता येणार, बाबा."

"तवर गोळा तरी करतो."

कशेळ्याच्या बाजारात ते गाडी सोडून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला साहेबाची हकिकत सांगत. लोक हसत. इंग्रज जायला निघाले आणि हा गोऱ्यासाठी वर्गणी मागतो, असं एकानं तोंडावर म्हटलं. बाबा म्हणाले, "त्यो इंग्रज नाय रं. आन असता तरी काय? जेवला असता ना?"

डोंगरातली माणसं मात्र हसली नाहीत. आपल्या अंगणात बसून आपलीच गाणी लिहून घेणारा माणूस त्यांना आठवत होता. कुणी आणा दिला, कुणी दोन. सगळ्यांत जास्त गाणी जिनं सांगितली होती त्या म्हातारीकडे पैसा नव्हता. तिनं मधाचं मडकं दिलं. बाबांनी मध कर्जतला विकला आणि पैसे वर्गणीत घातले.

परवानगी मागायची म्हणून आम्ही गाडी जुंपून खालापूरला सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या अर्जनवीसानं फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "पैसे घेणाऱ्याशी नातं काय?"

"माझ्या गाडीत बसायचा," बाबा म्हणाले.

अर्जनवीसानं माझ्याकडे पाहिलं आणि त्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी समाधानानं खाली अंगठा उठवला.

दोन महिन्यांनी मुंबईहून नकार आला. कारण दिलेलं नव्हतं.

पुढे तिकडे भेटीची पार्सलं जाऊ लागली. वर्गणीतून आम्ही गूळ, शेंगदाणे, चहा आणि एक लोकरीचा मफलर घेतला. बाबांनी पार्सल स्वतः शिवलं, दुहेरी टाके घालून. पत्ता मी लिहिला. पार्सल गेल्यावर बाबा दर बाजाराच्या दिवशी खिडकीशी येऊन नुसते माझ्याकडे पाहत आणि मी नाही म्हणून मान हलवत असे.

पार्सल परत आलं तेव्हा टाके तसेच होते. पाठोपाठ साहेबाच्या बहिणीचं इंग्रजी पत्र आलं. पत्र लिहिलं त्याच हिवाळ्यात तो वारला होता. आम्ही खालापूरला गेलो, त्याच्याही आधी. वह्यांचं काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं.

मी मराठीत सांगत गेलो. बाबांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "म्हातारीला काय सांगू?" एवढंच म्हणाले.

त्यांनी सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी मी त्यांच्याबरोबर त्या वाडीवर गेलो होतो. म्हातारीनं विचारलं, "सायबाला पोचलं का?"

"पोचलं. बरा हाय त्यो आता," बाबा म्हणाले.

ती उठून आत गेली आणि मधाचं दुसरं मडकं घेऊन आली. थंडी पुन्हा येणारच, म्हणाली. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. नको म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. ते त्यांना जमलं नाही. दर वर्षी मडकं येत राहिलं आणि बाबा ते घेत राहिले. मध विकून आलेल्या पैशांचं काय करायचं, हे त्यांनी मला दोनदा विचारलं.

एका पावसाळ्यात बाबा तापाने गेले. आठवड्यानं मला कळलं.

त्यानंतरच्या थंडीत म्हातारी डोंगर उतरून कर्जतपर्यंत चालत आली. पोस्ट तिनं विचारत विचारत शोधलं होतं. डोक्यावर मडकं, पाय धुळीनं भरलेले. खिडकीतून आत पाहत म्हणाली, "गाडीवाला बाबा ऱ्हायला नाय. सायबाचं आता कुठं द्यायचं?"

माझ्यामागे दोन कारकून काम थांबवून ऐकत होते. मी दार उघडून बाहेर गेलो, तिच्या डोक्यावरचं मडकं उतरवून घेतलं आणि म्हणालो, "इथंच द्यायचं, आजी."

तिनं पावती मागितली नाही.