वहिनीचा हात

तर मोज्यांची गोष्ट काल सांगता सांगता अर्धवटच राहिली. लख्खकाकू धक्क्यावरच्या घराघरांतून जोडी हरवलेले मोजे मागून आणायची ते कशाला? तर काचेच्या बरण्यांना घालायला! शिडाची होडी वाऱ्याने एका अंगावर कलली की फळीवरच्या बरण्या एकमेकींशी भांडायला लागतात. मोजे घातले की मुकाट झोपतात, असं तिचं म्हणणं.

होड्या आतून साफ करायच्या आणि त्यांची वीतभर स्वयंपाकघरं लावून द्यायची, हा तिचा धंदा. 'लख्ख' हा शब्द तोंडात इतका बसलेला, की बारशाचं नाव लोक विसरूनच गेले. जड डबे तळाशी, होडीच्या मधोमध. पत्र्याच्या डब्यांवरचे कागद आधीच सोलायचे, नाहीतर ते ओलाव्याने सुटून तळाचं पाणी उपसायच्या पंपात जाऊन बसतात. मग डब्यावर रंगाने नाव. एका मालकाने ऐकलं नाही. भर समुद्रात वाटाणे म्हणून डबा फोडला, तर आतून अननस! महिनाभर धक्क्यावर त्याला सगळे 'काय अननसराव' म्हणत होते.

तिचं एकीशीच जमलं नाही, सख्ख्या वहिनीशी. दादाची होडी जुनी, आणि वहिनीचा तिच्यातला संसार म्हणजे बाजार उठल्यासारखा. चहाचा डबा पायरीच्या कपारीत, साखर दोरांच्या पेटीत, बिस्किटं दिव्यामागे. लख्खकाकूच्या कपाळाला आठी पडायची.

"वहिनी, अहो निदान चहा तरी चहाच्या जागी!"

"वन्सं, तुमचं स्वयंपाकघर बघायला, माझं वापरायला," असं म्हणून वहिनी खो खो हसायची. फडक्याला हात म्हणून लावू द्यायची नाही.

वहिनी गेली. दादा होडीकडे फिरकेना. शिडं गुंडाळलेली, आत बुरशीचा वास. भावाला एकदा तरी पुन्हा पाण्यावर आणायचं, एवढंच लख्खकाकूने मनाशी धरलं, आणि न सांगता कामाला लागली. तळाच्या फळ्या उचलल्या, व्हिनेगरच्या पाण्याने कोपरे पुसले, कुठे काय होतं ते न बघताच कपारी रिकाम्या केल्या, सगळं रीतसर खणांत लावलं. बरण्यांना तर नवे मोजे!

दादा आला. "छान केलंस गं," म्हणाला. शीड उभारलं, दोघं बाहेर पडली. वारा चांगला लागला तसा त्याचा चेहराही उजळला. एक हात सुकाणूच्या दांड्यावर, आणि दुसरा, त्याचं लक्षही नव्हतं, आपसूक खाली पायरीच्या कपारीत गेला. तिथे नुसतं घासलेलं लाकूड. हात क्षणभर तसाच राहिला. मग दोरांच्या पेटीकडे गेला, दिव्यामागे चाचपून आला आणि मांडीवर येऊन पडला.

लख्खकाकूच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. सुकाणू सोडून आत जाता येत नाही त्या माणसाला, म्हणून वहिनीने सगळा संसार त्याच्या हाताच्या टप्प्यात मांडला होता. आपण ज्याला पसारा म्हणत आलो, तो नवऱ्याच्या हाताच्या मापाने बेतलेला होता!

ती धडपडत आत गेली, चहाचा डबा आणून कपारीत ठेवला. साखर पेटीत, बिस्किटं दिव्यामागे. "आणि या फटीत काय असायचं रे? त्या खुंटीमागे?"

दादाने आठवून पाहिलं. "कुणास ठाऊक. हाताला माहीत होतं, मला कधी विचारायची वेळच आली नाही." बहिणीचा चेहरा पाहून त्याने सूर बदलला. "अगं वेडे, रडतेस काय? लाव तुझ्या मनाने. शिकेल माझा हात."

घाईत आतून डब्यासोबत उचललेलं ओलं फडकं लख्खकाकूच्या हातात अजून होतं. ती म्हणाली, "तुझा हात शिकेल रे दादा. पण वहिनीचा हात मी पुसून टाकला, तो आता कुठल्या फडक्यातून पिळून काढू?"