बठाले जागा शे का?

प्रमोद पहिल्यांदा माझ्या दारात आला तो जेवायला नव्हे. डोक्यावर हेल्मेट तसंच, एका खांद्याला औषधांची बॅग, हातात फोन, आणि चौकटीत उभा राहून विचारतो काय, तर "आक्का, आठे बठाले जागा शे का?" इथे बसायला जागा आहे का. मी म्हटलं, आहे ना बाबा, हा काय बाक, बस. तो काही बसला नाही. बाकाकडे पाहिलं, डाळीच्या पातेल्याकडे पाहिलं, भिंतीला टेकून जेवणाऱ्या माणसांकडे पाहिलं, फोनात काहीतरी टिपलं आणि किक मारून गेला. मला वाटलं पंचायतीचा माणूस, आता बाक रस्त्यात येतो म्हणून उचलायला लावणार.

माझं घर खांडबाऱ्यात, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मालक गेल्यावर ओसरीतच चूल मांडली. उडदाची डाळ आणि दादर ज्वारीची भाकरी, दुसरं काही नाही. ऊस तोडायला, बांधकामावर गुजरातेत जाणारी माणसं सकाळच्या गाडीआधी येतात. अर्ध्याजणांच्या फडक्यात घरची भाकरी असतेच, त्यांना नुसती गरम डाळ हवी. तीही देते. पाटी लावलेली नाही. म्हाताऱ्या बायांना जमिनीवरून उठवत नाही म्हणून सुताराकडून एक बाक करून घेतला, एवढाच काय तो थाट. आणि पुढचं सगळं महाभारत त्या बाकावरूनच झालं.

प्रमोद मूळचा सारंगखेड्याकडचा, घरची शेती भावाकडे. हा औषध कंपनीत. डॉक्टरांकडे जायचं, गोळ्यांची माहिती सांगायची, पुढच्या गावाला पळायचं. शहादा, तळोदा, धडगाव, नवापूर, सगळा जिल्हा त्याच्या चाकाखाली. हळूहळू माझ्याकडे जेवायला लागला, पण कसा? उभ्याने. ताटली हातात, एक पाय हलतोय, किल्ली बोटात फिरतेय, डोळे रस्त्यावर. मी म्हणायची, "बठ ना भो, पोटात अन्न तरी बसू दे." तर म्हणायचा, "बठसू आक्का, आते घाई शे." कसली घाई ते कधी कळलं नाही. दवाखाने तर डॉक्टर जागेवरून उठेपर्यंत उघडेच असायचे.

त्याचं खरं काम कळलं ते बन्सीच्या टपरीवर. बन्सी माझ्या समोरचा चहावाला. फोनात एक नकाशा असतो म्हणे, कुठल्या कंपनीचा नव्हे, जगभरच्या माणसांनी आपण होऊन भरलेला. ज्याला जे ठाऊक ते त्याने लिहायचं, चुकलं तर दुसऱ्याने सुधारायचं. प्रमोद त्यात जिल्ह्यातली खाण्याची ठिकाणं भरत होता. नुसती भरत नव्हता, लावून ठेवत होता, आपण डबे लावतो तशी. बसून खाता येतं आणि कोणी आणून वाढतं, ते रेस्टॉरंट. उभ्याने घ्यायचं आणि निघायचं, ते फास्ट फूड. किलोवर फरसाण, मिठाई, ते दुकान. चहापुरतं ठिकाण, ते कॅफे.

"म्हंजे मी कॅफे?" बन्सी गाळणं हातात घेऊन तसाच उभा. "हाई मन्ही बायकोले सांग, ती मले येडा म्हनस."

"येडा बी शे आनि कॅफे बी शे," प्रमोद म्हणाला. हसला नाही. या बाबतीत तो हसायचाच नाही.

मी विचारलं, अरे पण तुला काय पडलंय? पोटाला भाकर मिळाली म्हणजे झालं, तिचं नाव काय करायचंय? तेव्हा त्याने सांगितलं, तेही उभ्यानेच. त्याला साखरेचा आजार. एकदा धडगावच्या बाजूला घाटात अंगाला कापरं सुटलं, घाम फुटला, पोटात काही नाही. नकाशात बघितलं तर पुढच्या वळणावर खानावळ. गाडी ढकलत ढकलत तिथवर गेला. खानावळ कसली, कोणीतरी किराणा दुकानालाच खानावळ लिहून ठेवलेलं, आणि दुकानाला कुलूप. तिथेच खाली पडला. वाटेने जाणाऱ्या एका पावरा बाईने टोपलीतला गूळ तोंडात घातला म्हणून वाचला.

"एकानं लिखं म्हंजे दुसरानी त्याना भरवशावर पोट सोडं, आक्का. नकाशावर खोटं लिखानं नही." हे तो इतकेदा म्हणायचा, की बन्सी त्याची नक्कल करायचा. चहात साखर कमी पडली की ओरडायचा, "चहामा खोटं टाकानं नही!"

आता माझ्या बाकाकडे येते. प्रमोदच्या हिशेबाने माझ्याकडे बाक, मी वाढते, माणसं बसून खातात. झालं, मी रेस्टॉरंट. मला याचा पत्ताच नव्हता. एक दिवस हायवेवरून वळून एक मोठी गाडी दारात उभी राहिली. चारजण उतरले, बाकावर बसले आणि म्हणाले, "काकू, मेनू कार्ड?" मी म्हटलं डाळ आहे. "पनीर नाही? मग रेस्टॉरंट कशाला लिहिलंय?" त्यांच्या तोंडून मला कळलं की मी रेस्टॉरंट आहे. पाहुणे आलेत, हाकलायचं कसं? वाढलं त्यांना. तेवढ्यात रमिलाबाई आली. वर्षानुवर्षं माझ्याकडे डाळ घेऊन गाडीत बसणारी बाई, गुडघे गेलेले, कडेवर नातू, फडक्यात भाकरी. तिने बाकावरची चकचकीत माणसं बघितली, दारातली गाडी बघितली आणि पाय मागे घेतला. मी हातात पळी घेऊन रस्त्यापर्यंत धावले, हाक मारली. तिने मान हलवली, जणू चुकून दुसऱ्याच दारात आली होती, आणि तशीच उपाशी स्टेशनाकडे गेली.

असं दोन-चारदा झालं, निरनिराळ्या माणसांच्या बाबतीत. माझी माणसं दारापर्यंत येऊन परतायला लागली.

प्रमोद आला तेव्हा मी त्याला हेल्मेटही काढू दिलं नाही. "काय करी टाकं रे तू हाई? मन्ही रमिला उपाशी गयी, त्यानं काय?"

त्याचा चेहरा उतरला, पण तत्त्व सोडलं नाही. "आक्का, बाक शे, तुम्ही वाढतस, मानसं बठीसन खातस. शहादामा जे, नवापूरमा जे, तेच आठे. जे सगळासले तेच तुम्हले. एकले वेगळं लिखं तर नकाशाना अर्थ काय?"

"बाकामुळे ना?" मी म्हटलं. "बन्सी, ये रे, हात लाव." दोघांनी बाक उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन उभा केला. "आता नाही बसायला जागा. बदल."

आणि त्या भल्या माणसाने खरंच बदललं! नियम म्हणजे नियम. मी झाले फास्ट फूड. आठवडा गेला नसेल, कॉलेजची पोरं मोटारसायकलवर हजर. "काकू, मंचुरियन आहे?" बन्सी समोरून ओरडला, "आक्का, आते डाळमा बर्गर टाक!" आणि माझ्या म्हाताऱ्या बाया भिंत धरून उभ्याने जेवायला लागल्या. म्हणजे पोरं काही खाईनात आणि बायांना बसता येईना.

प्रमोदला हे बघवेना. त्याचा नियम सगळीकडे सारखा होता आणि माझ्या दारात मात्र चुकत होता, हे त्याला सलायला लागलं. येताजाता थांबायचा. गाडी बंदही करायचा नाही, नुसता बघत राहायचा. कोण येतं, फडकं कोण सोडतं, कोण दारातून परततं. नकाशावाल्या दूरदूरच्या माणसांशी वाद घालायचा. कोणी म्हणे नवीन नाव काढा, कोणी म्हणे काढूनच टाका त्या बाईला. काढून टाका म्हटल्यावर तो माझ्यापुढेच फोनवर संतापला होता.

मग एका दुपारी आला. मला काही न विचारता आतल्या खोलीतून बाक ओढत बाहेर आणला, ओसरीत मांडला आणि त्यावर बसला. अहो, बसला! मी हातातलं पीठ तसंच ठेवून बघत राहिले.

"नाव तेच ऱ्हाई, आक्का. रेस्टॉरंट. जे सगळासले तेच. पन त्याना खाले लिखाले जागा ऱ्हास, ती मी रिकामी सोडी दिन्ही व्हती. चूक तठे व्हती."

आणि मला विचारून विचारून त्याने लिहिलं. उडदाची डाळ आणि भाकरी, एवढंच मिळतं. आपली भाकरी आणली तरी चालते. बाकावर आधी म्हातारी माणसं. सकाळी, गाडी जाईपर्यंत. नकाशाला घड्याळाची वेळ लागते म्हणून तीही टाकली. मग मला म्हणाला, आता तुमचंही नाव नोंदवा, कोणीही बदलू शकतं, तुम्हीसुद्धा. मी चौथी शिकलेली बाई, पाट्या वाचून वाचून वाचनाची गोडी लागलेली. माझ्या बोटाने त्याने माझं नाव लिहून घेतलं, मंगलाक्का. ठिकाणावर बोट ठेवलं की शेवटचा बदल कोणी केला ते कसं दिसतं, तेही दाखवलं. तिथे होतं प्रमोदचं नाव. त्या दिवशी त्याने अख्खी भाकरी बसून खाल्ली. पाय हलत नव्हता.

पनीर मागणारे यायचे थांबले. डाळ वाचून यायचे ते डाळच मागायचे. पुढच्या वेळी गावाकडे परतताना रमिलाबाई आली, बाकावर बसली, गुडघे चोळत जेवली. नातवाला मी गूळ दिला. प्रमोदला हे सांगितलं तेव्हा तो उभाच होता, पण हसला.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. साखर वाढली, पायाला जखम झाली, त्या पायावर तो तसाच फिरला. सुरतेला नेलं. परत आला नाही. त्याच्या बायकोने फोन करून सांगितलं, आणि मी कितीतरी वेळ बन्सीला तेच तेच सांगत राहिले, की अरे, तो फक्त एकदा बसला होता.

मग मला एक खोड लागली. काम उरकलं की फोन काढायचा, नकाशात माझ्या घरावर बोट ठेवायचं. शेवटचा बदल, प्रमोद. जणू चौकटीत उभाच आहे.

परवा चूल विझवून भांडी घासत होते तर एक टोळी आली. पुढे रमिलाबाई. पातेलं रिकामं. हल्ली गाडी लवकर जाते, म्हणून मीही लवकर आवरते. टोळीतल्या एका पोरीने फोन पुढे केला. "मावशी, यात तर अजून वेळ आहे." खरंच होतं. प्रमोदने टाकलेली वेळ जुन्या गाडीची. सकाळची गाडी हुकलीच होती, आता तिच्या मागची पकडायची. थांबा, चूल पेटवते म्हटलं, पण त्या गाडीची शिट्टी झालीच. रमिलाबाई कोरडी भाकरी मिरचीशी खात खातच स्टेशनाकडे निघाली.

मी बाकावर बसले. वेळ बदलायची म्हणजे चार बोटांचं काम. पण बदलली की तिथे माझं नाव येणार, आणि त्याचं खाली जाणार, कोणी उघडून बघेल तरच दिसेल असं. बोट काही केल्या पुढे जाईना. मग त्याचा आवाज आला, हेल्मेटमधून यायचा तसा. नकाशावर खोटं लिखानं नही.

बदललं. शेवटचा बदल, मंगलाक्का.

आणि मग बसवेचना. माझी वेळ बदलली तर बन्सीची बदलली असणार, पुढच्या भजीवाल्याची बदलली असणार, रसवंती तर बंदच पडली. जे सगळ्यांना तेच. चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला.

"आक्का, बठ ना," बन्सी म्हणाला. "उभी कसाले?"

"बठसू मंग," मी म्हटलं. "आधी सांग, आते तू कितला वाजता उघडस?"