गुठळी

वरणभात कुस्करताना मी चष्मा लावला नव्हता. "बाबा, एकही गुठळी ठेवू नका हं," असं लेक कामावर जाताना दोनदा बजावून गेली होती. "अगं, तुलाही मीच भरवलंय," मी ऐटीत म्हणालो. त्यावर बायको नुसतीच खाकरली.

सात महिन्यांची नात माझ्या मांडीवर ताठ बसली होती. भात तिच्या भुवयांपर्यंत पोचला होता. तिसऱ्या घासाला मात्र तिला ठसका लागला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. मी घाबरून तिच्या तोंडात बोट घालायला निघालो.

"थांबा! बोट नका घालू," ओट्यापाशी असलेली बायको धावत आली. "खोकतेय ना? खोकू द्या तिला."

मी चमचा धरून नुसता बघत राहिलो. कालपर्यंत दूध आपसूक उतरत होतं. आता घास भरवणं तेवढं आपल्या हातात, उतरवायचा तिचा तिनेच. तिच्या आईच्या वेळीही असंच होतं. फक्त तेव्हा मी घाबरायला घरी नसायचो.

अखेर वाटाण्याएवढी गुठळी माझ्या शर्टावर येऊन पडली. नातीने ती कुतूहलाने पाहिली, दम घेतला आणि माझ्याकडे बघत पुन्हा तोंड उघडलं. एवढा विश्वास या घरात माझ्यावर कुणीच टाकत नाही.

चष्मा लावून मी भात पुन्हा कुस्करला, कणभर भरवला आणि श्वास रोखून तिच्या गळ्याकडे बघत बसलो.

"अहो, तिने केव्हाच गिळलं," बायको म्हणाली. "आता तुमचं तोंड मिटा."