मोरीच्या तेलाचे हात

आमच्या लवूसारखा होडीला तेल लावणारा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नाही. भाऊ म्हणून सांगत नाही, विजयदुर्गापर्यंत कोणालाही विचारा. बाकी सगळ्यांनी फायबरच्या होड्या घेतल्या. लवूने बापाची लाकडी होडी सोडली नाही. पावसात ती वाळूवर ओढायची, झावळ्यांनी झाकायची आणि नारळी पौर्णिमेच्या आधी मोरीच्या काळजाचं तेल काढून नुसत्या हाताने चोळायची. मोरी म्हणजे आमच्याकडचा शार्क मासा. ब्रश नाही, फडकं नाही. कुठल्या फळीला किती तेल लागतं ते लवूच्या बोटांना कळतं. पण त्या तेलाचा वास असा की साबणाची वडी झिजते, वास जात नाही. लवूची बायको तुळसा त्या दिवसांत नाकाला पदर लावून त्याचं ताट लांबून सरकवायची आणि वर हसायची.

यंदा ताट सरकवायला तुळसा नव्हती. शिमग्याच्या आधीच गेली. आधी पाय सुजले, मग तोंड, लघवीला फेस यायला लागला. गरमीने होतं म्हणून धण्याजिऱ्याचं पाणी दिलं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, मूत्रपिंडं गेली, अंगातलं सत्त्व आणि चरबी लघवीवाटे वाहून जातेय.

लवू रडला नाही. तिच्या दिवसांनाही नाही आणि नंतरही नाही. पुढ्यात आलं की जेवायचा, हाक मारली की उठायचा. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल कसा आपला वाटत नाही, तसं त्याला सगळं अंगच वाटायचं. दुखत काही नव्हतं.

लेक अक्षदा, एकुलती एक. तिला सावंतवाडीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आमच्या घराण्यातली पहिली नर्स! पण ती जाईना.

"बाबा, तुका एकट्याक टाकून मी जावचंय नाय."

"जा गो. माका काय जाता?"

"आईक पण काय झाला नव्हता. मगे?"

लवू उठून होडीकडे गेला.

त्याच सुमारास एका संशोधन संस्थेची माणसं गावात आली. त्यांना धडधाकट माणसांची सकाळची पहिली लघवी पाहिजे होती, ओळीने काही सकाळी. निरोगी माणसाच्या लघवीत चरबी किती असते आणि माणसामाणसात ती किती कमी-जास्त होते, हे त्यांना मोजायचं होतं. आमच्या थोरल्या भावाने शाळेच्या पडवीत उभं राहून पहिलं नाव लवूचं दिलं.

"आमच्या घराण्यात दुखणा नाय. बापूस आमचो म्हातारपणात वल्हा मारी. निरोगी माणूस होयो तर ह्यो घेवा!"

चहावाला बाबली मागून ओरडला, "बघा रे, लवूचो मूत मशीनीत जातलो! आमचो आपलो माडाच्या मुळात."

"जातलोच! तुझो मागूक कोण इलो काय?" थोरला म्हणाला. सगळी पडवी हसली. लवूही हसला असावा, कारण त्याचं तोंड हललं.

घरी गेल्यावर अक्षदाने एकच सांगितलं, "ह्या तपासणीत तू बरो निघालंस तर मी जातंय. नायतर नाय."

"बरा," लवू म्हणाला.

लघवीच्या बाटल्या भरून गेल्या. मग एक दिवस त्या संस्थेच्या स्वप्ना मॅडम घरी आल्या. त्यांनी लवूला अंगणात बाजूला घेतलं, पण अक्षदा दारातच उभी होती.

"लवूकाका, तुमच्या एका सकाळच्या नमुन्यात चरबी फार दिसतेय. थोडीफार सगळ्यांच्यात असते, पण इतकी कोणाचीच नाही. आजार आहे असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. पण डॉक्टरांना दाखवून घ्या."

अक्षदा आत गेली. भरून ठेवलेली बॅग उघडल्याचा आवाज आला. थोरला तणतणत होता, "मशीन बिघडला आसतला! आमच्या माणसाक काय जातला?" लवू मात्र होडीकडे गेला. तेलाच्या डब्यात हात बुडवला, बाहेर काढला आणि बोटांकडे बघत राहिला.

एका सकाळी तो झुंजूमुंजू होताच होडीकडे आला होता. अर्धी बाजू चोळून झाल्यावर बाटलीची आठवण झाली, तसाच घरी धावला. याच हातांनी झाकण काढलं होतं. एक बोट बाटलीच्या आत गेलं होतं, तेही आठवलं.

म्हणजे ती चरबी मोरीची. त्याची नव्हे.

कळलं, पण आनंद झाला नाही. फक्त एक विचार आला. गप्प राहिलं तर अक्षदा घरीच राहील. काही करायचं नव्हतं, नुसतं बोलायचं नव्हतं. आणि न बोलणं तर लवूला शिमग्यापासून जमतच होतं.

रात्री अक्षदाने नाकाला ओढणी लावून ताट लांबून सरकवलं. लवू खाली बघून जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पडवीत आडवा झाला होता. डोळे मिटलेले होते, पण झोप नव्हती. अक्षदा हळूच पायाशी येऊन बसली. तिने त्याच्या घोट्यावर अंगठा दाबून धरला, सोडला आणि खळगा राहतो का बघत राहिली. तुळसाच्या पायावर ती असाच अंगठा दाबायची. मग दुसरा घोटा.

एवढ्या महिन्यांत लवूला पहिल्यांदा अंगावर काहीतरी लागलं.

"अक्षदा," तो डोळे न उघडता म्हणाला, "माका काय झालेला नाय. बाटली भरली तेव्हा माझे हात तेलाचे होते."

अंगठा थांबला. "तुका कधी कळला?"

"काल."

"आणि गप रवलंस?"

"तू रवतलंस म्हणान."

ती उठली, न्हाणीतून साबण आणून त्याच्या हातावर आपटला आणि स्वप्ना मॅडमना फोन लावला.

लवूने पुन्हा बाटल्या दिल्या, हात घासघासून. डॉक्टरांनीही तपासलं, मूत्रपिंडं चांगली निघाली. स्वप्ना मॅडम सांगायला आल्या.

"तुमचे आकडे रोज वेगळे आलेत, काका. चालतं ते. बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं. एकाच माणसाचं आज एक, उद्या दुसरं. निरोगी माणसाचा एकच असा आकडा नसतो. जितका फरक इतरांत दिसला, तितकाच तुमच्यात आहे."

लवूने विचारलं, "माझ्या बायलेचा आधी कोणी बघला असता तर?"

त्या म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार, काका."

"बरा," लवू म्हणाला.

अक्षदा सकाळच्या एसटीने सावंतवाडीला गेली. थोरल्याने बाबलीच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. आमचा लवू निरोगी माणसांत मोजला गेला, तेही मशीनवर, आणि आमची पोर नर्स होणार. कोणाच्या घरात आहे असं?

लवू चहाला आला नाही. होडीची राहिलेली बाजू त्याने संध्याकाळपर्यंत चोळून संपवली. घरी येऊन स्वतःच भात वाढून घेतला, वर बांगड्याची आमटी ओतली. हातांना वास येतच होता. त्याने ताट आधी थोडं लांब सरकवलं, मग जवळ ओढलं आणि जेवला.