पहिली तळ्याची

"पहिली तळ्याची, दुसरी घरची," असे म्हणत दाजी गळाला लागलेली पहिली मासळी हलकेच सोडवीत, ओंजळीत धरून पाण्याला टेकवीत आणि ती सुळकन निघून गेली की ओला हात कपाळाला लावीत. मग पुन्हा उकिडवे बसत.

माळव्यात, धारला, आमच्या आळीमागे तळे होते, काठावर देवीचे देऊळ. आम्ही बायका तिथल्या विहिरीवर पाण्याला जात असू. दाजी आमचे शेजारी. सरकारी पागेतली त्यांची नोकरी म्हातारपणी सुटली होती. हाती राहिले होते घोड्याच्या शेपटीचे केस. ते पिळून त्यांनी दोरी केली होती. बारीक बांबूची काठी, टाचणी वाकवून केलेला गळ, पाण्यावर तरंगायला मोरपिसाच्या दांडीचा तुकडा आणि कणकेची गोळी. एवढ्यावर तळहाताएवढी मासळी येई. तुकडा बुडू लागला की दाजींच्या मिश्या आधी हलत. आम्ही पदर पुढे ओढून हसत असू.

तुम्ही पाहिले असते तर तुम्हीही त्यांना शौकीन म्हातारा म्हटले असते. पण काकू, त्यांची बायको, अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटात काही ठरत नसे. ठरे ते फक्त ताज्या मासळीचे पातळ कालवण. बाजारची शिळी मासळी दारात आली तरी त्यांना ओकारी येई. आणि पहिली मासळी देवीला सोडायची, हा नेम काकूंचाच. माहेरून आणलेला.

त्या उन्हाळ्यात तळे आटत गेले. दिवसभर बसून एकच मासळी लागे. म्हणजे पहिलीच. दाजी ती सोडून देत.

काठावरचा धोबी ओरडे, "कां दाजी, देवी को पेट अब तक नी भर्यो?"

"तू आपली धोतरं आपट, भिया."

आमची दोन्ही घरे एका भिंतीची. दाजी रिकामा लोटा घेऊन आले की काकूंचा आवाज येई, "पहिलीच लागली वाटतं?"

"हो."

"असू दे. नेम राहिला."

आवाज रोज बारीक होत होता.

एके दिवशी दाजींनी मासळी सोडली नाही. लोट्यात घातली आणि देवळाकडे न बघता घरी आणली. मी काकूंना पेज द्यायला गेले होते.

"दुसरी?" काकूंनी विचारले.

"दुसरी."

काकूंनी लोट्यात पाहिलेच नाही, दाजींच्या तोंडाकडे पाहिले. "तुम्हाला खोटं कधी बोलता आलंय? जा, सोडून या."

"अगं, चार घोट तरी घे. पाया पडतो तुझ्या."

"ती जिवंत आहे तोवर जा."

भर उन्हात दाजी अनवाणी निघाले. लोट्यातले पाणी सांडू नये म्हणून त्यावर तळहात धरला होता.

पाऊस लागण्याआधीच काकू गेल्या.

पुढे तळे भरले. मासळी काठापर्यंत येऊ लागली. एका सकाळी दाजी पुन्हा येऊन बसले. पहिली लागली, ती सोडली, हात कपाळाला लावला. लगेच दुसरी लागली. ती मुठीत धरून ते उठले, घराच्या वाटेला दोन पावले चालले आणि थांबले. धोब्याचे आपटणेही थांबले होते.

मुठीतली फडफड मंद होत गेली. दाजी तसेच उभे होते.