कंपाउंडरची खिडकी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आता कुणी जुनं प्रकरण विचारलं की मला पहिली आठवते ती एक खिडकी. दोन हात रुंद, दीड हात उंच, अस्सल सागवानी. नावं कुणाचीच घेत नाही. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं, एवढं पुरे.

मी तिथं ठाणेदार होतो. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. सकाळची हजेरी आटोपते तोच बाजाररस्त्यावरचे एक दुकानदार लेखी अर्ज घेऊन आले. त्यांच्या दुमजली दुकानाचं काम चाललं होतं. खाली मोबाइलचं दालन होणार, समोरून काच आणि चकाकते पत्रे लागणार. जुनं सागवान नागपूरचा एक हॉटेलवाला सजावटीसाठी नेणार होता. दारं होती, खांब होते, खिडकी तेवढी गायब.

"गवंडी तांड्यावरचा आहे, साहेब," आवाज खाली आणून ते म्हणाले.

समोरच्या चहावाल्याकडूनही खबर मिळाली. आदल्या दुपारी गवंड्यानं पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी ऑटोत चढवलं होतं. मी गुन्हा नोंदवला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला आणि गवंड्याला बोलावून घेतलं. खरं सांगतो, 'तांडा' हा शब्द ऐकला तेव्हाच माझा अर्धा तपास उरकला होता. खात्यात शिरताना अशा वस्त्यांबद्दल कानावर जे पडतं ते निघेपर्यंत कानातच राहतं. आज त्याची लाज वाटते.

चाळिशीचा माणूस. नखांत सिमेंट.

"खिडकी कुठं आहे?"

"म्या चोरली नाही, साहेब."

"मग ऑटोत काय घातलंस?"

मी दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिला, तासभर एकटा बाकावर बसवून पाहिला. चोर सहसा फार बोलतो आणि दुसऱ्याचं नाव पुढं करतो. हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता, "संध्याकाळच्या आत सोडसान न, साहेब? पोलिसाईनं बसवून ठेवला म्हणून गावात झालं, त मले कोणी भिंतीले हात लावू देणार नाही." पोटाचा प्रश्न होता त्याचा, आणि तरी तोंड उघडत नव्हता.

दुपारी पंचनाम्याला गेलो. बरोबर आमचे हवालदार, त्याच गावचे. पंच येईपर्यंत त्यांनी मला ती इमारत दाखवली. मूळची ती कापसाची अडत. आर्णीकडून येणाऱ्या बैलगाड्या समोर सुटायच्या आणि मुनीम याच खिडकीतून वजनाच्या चिठ्ठ्या द्यायचा. पुढं एका डॉक्टरनं ती भाड्यानं घेतली. ओसरीत बाकडी आली, खिडकीमागं कंपाउंडर बसू लागला. डॉक्टर गेले, कापडाचं दुकान आलं. त्यानं ओसरी बुजवून काचेचं शोकेस केलं आणि खिडकीवर फळ्या ठोकल्या. मधली काही वर्षं कोपऱ्यात टेलिफोनचं बूथही होतं. हवालदारांनी खांबाचा रंग नखानं खरवडला. वर गुलाबी, खाली पिवळा, त्याखाली दवाखान्याचा हिरवा. जो आला त्यानं एखादी भिंत सरकवली, पण बिचारीनं कुणाला उपाशी ठेवलं नाही. मला ती इमारत आवडली, अगदी मनापासून.

मग खिडकीची जागा पाहिली आणि थबकलो. तिथं भोक नव्हतंच. विटा रचून, सांधे भरून, वर गिलावा करून भिंत सारखी केली होती. गिलावा वाळून तडकू नये म्हणून ओलं पोतंही टांगलं होतं. आता चोर खिडकी नेईल. मागं थांबून भोक बुजवेल कशाला?

ठाण्यात परत आलो आणि तेवढंच विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला.

"भोक उघडं ठेवलं त वरचा भार खाली बसते न, साहेब. माडी येईन खाली."

"एवढी काळजी होती, तर मालकाला का नाही सांगितलंस?"

"एका आजीले पायजे होती. तोडफोड सुरू झाली तवापासून रोज समोरच्या पायरीवर येऊन बसे. मले वाटलं, सरपणातच जाईन, म्हणून देल्ली. तिचं नाव सांगतलं असतं त तुम्ही तिच्या दारात गाडी नेली असती. सारी वस्ती पाह्यते, साहेब."

गाडी नेली नाही. साध्या कपड्यांत, पायीच गेलो; मी, हवालदार, दुकानदार आणि तो. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर. खिडकी भिंतीला टेकवलेली, धुऊन, तेलाचा हात फिरवून ठेवलेली. आजी त्या कंपाउंडरच्या पत्नी. दुकानदारांना पाहताच त्या उभ्या राहिल्या.

"घेऊन जा, बापा. इचारलं नाही, ते माहं चुकलं." मग खिडकीच्या फळीवर हात ठेवून म्हणाल्या, "माह्या सासऱ्याले या बाजारात लोकं वरून पाणी वाढत. त्याईचाच पोरगा या खिडकीत बसला, अन् सारा बाजार त्याच्यापुढं हात करून उभा राहे. मी डबा घेऊन जाओ न, त रांगेच्या मांगं उगीच उभी राहो. नुसतं पाहाले."

हवालदार टोपी नसताना डोक्यावरची टोपी नीट करू लागले. दुकानदार खाली बसले. "माही माय मले कडेवर घेऊन त्याच रांगेत उभी राहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "साहेब, अर्ज मागं घेतो. हॉटेलवाल्याले मी सांगतो."

मी सगळ्यांदेखत गवंड्याची माफी मागितली. सबंध नोकरीत संशयिताची माफी मागण्याची ती पहिलीच वेळ. त्याचं लक्ष मात्र भिंतीकडे होतं. "आजी, कुठं बसवू?"

या प्रकरणाची गुन्हा म्हणून कुठंच नोंद नाही. मला मात्र त्यानं शिकवलं, की माणूस कुठल्या वस्तीतला हे विचारण्याआधी त्याच्या हातचं काम जाऊन पाहावं. मी सारी नोकरी हे उलटं करत आलो होतो.

रविवारी त्यानं स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधल्या भिंतीत खिडकी बसवली. दुकानदारांनी त्याला दालनाच्या कामावर कायम ठेवलं होतं, आणि त्या दिवशी विटा उचलून द्यायला ते स्वतः आले होते. काम संपल्यावर आजी आत गेल्या, खिडकी उघडली आणि पलीकडून चहाचा पहिला कप गवंड्याला दिला.

मग कुणी न सांगता आमची रांग लागली. पुढं दुकानदार, मागं हवालदार, शेवटी मी. पाळी आली तेव्हा मी हात पुढं केला.